तुम्ही विचारलंत म्हणून: नंदेसरीच का?

लग्नात, हळदीकुंकवाला, परवा तर दांडिया बाजारात भाजी घेतानासुद्धा तोच प्रश्न: “मॅडम, बीएस्सीच्या मुलांना त्या नंदेसरी-मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतींतल्या कारखान्यांत कशाला नेता? एमएस्सी करू दे, नाहीतर कोडिंग शिकून पुण्याला जाऊ दे.”

ज्याला पुण्याला जायचंय त्याने खुशाल जावं. पण बडोद्यात राहूनही केमिस्ट होता येतं, हे मुलांना सांगायचं कुणी? सयाजीरावांनी १८९० साली कलाभवन काढलं, ते हाताला काम शिकवायलाच ना? १९०७ पासून अलेंबिक ही औषध कंपनी इथेच आहे.

खरं सांगायचं तर मीही पंधरा वर्षं “आधी एमएस्सी” हेच घोकत होते.

मग एका औषध कंपनीत क्यूसीच्या, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासण्याच्या, जागेसाठी मी माझी सगळ्यात हुशार मुलगी पाठवली. पेपरात एचपीएलसीची (औषधातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या मशीनची) आकृती इतकी सुरेख काढायची की मी ती पुढच्या बॅचला दाखवत असे. तिथे तिला मशीनसमोर उभं केलं. ०.४५ मायक्रॉनचा फिल्टर पुढ्यातच होता. तिने बफर, म्हणजे मशीनमध्ये सोडायचं क्षाराचं पाणी, गाळलं नाही, त्यातली हवाही काढली नाही. पंप सुरू होताच प्रेशर वरखाली व्हायला लागलं. घाबरून तिने कॉलम, म्हणजे घटक वेगळे करणारी नळी, पाण्याने न धुताच तीत निव्वळ अ‍ॅसिटोनायट्राइल सोडलं. त्या द्रावकात न विरघळणारा बफरमधल्या फॉस्फेटचा क्षार आत बसला, कॉलम चोंदला. तिथल्या साहेबांनी एक शब्द न बोलता पंप बंद केला.

बाहेर आल्यावर तिने मला फोन केला. रडली नाही. “मॅडम, आपलं मशीन आपण कधी उघडलंच नाही ना,” एवढंच म्हणाली.

आमचं मशीन प्लास्टिकच्या कव्हराखाली असायचं आणि खोलीची किल्ली माझ्या पर्समध्ये. बिघडलं तर दुरुस्तीचं बिल कोण भरणार? मुलांना हात लावू न देणारी मीच होते. कॉलेजला पैसे नव्हते हेही खरं, पण ते मी त्या फोनवर कोणत्या तोंडाने सांगणार होते?

आता किल्ली खिळ्याला असते. प्रत्येक जण स्वतः मोबाइल फेज, म्हणजे मशीनमधून सोडायचं द्रावण, बनवतो, गाळतो, हवा काढायला सोनिकेटरमध्ये ठेवतो. दोन कॉलम गेले. जाऊ देत.

सुरुवातीचा पगार कमी असतो, मान्य. मुलींना रात्रपाळी लागली की आईवडील माझ्याकडे येतात, आणि त्यांना काय सांगावं हे मला अजून उमगलेलं नाही. ती मुलगी आता घरी ट्यूशन घेते. दोनदा फोन करून म्हटलं, ये, मशीन उघडं असतं. “हो मॅडम” म्हणते. अजून आलेली नाही.