होटगीच्या वाटेवर ताशी १५

आज पहाटे विजेच्या सायकलवरून होटगी तलावापर्यंत जाऊन आलो. २५० वॅटची मोटार आणि ताशी २५ किलोमीटरची मर्यादा असल्यामुळे तिला नोंदणी वा परवाना लागत नाही. मात्र त्या निश्चिंतपणात जाताना मी पूर्ण वेगाने निघालो, हे कबूल केले पाहिजे. एका वळणावर ट्रॉलीतून सांडलेले उसाचे पाचट दवाने ओले झाले होते, त्यावरून मागचे चाक सरकले आणि तोल कसाबसा सावरला. ताशी २५ च्या वेगात सायकल एका सेकंदात सुमारे ७ मीटर पुढे जाते, म्हणजे ब्रेक दाबण्याचे सुचेपर्यंत ट्रॉलीची लांबी सरलेली असते. १५ च्या वेगात हेच अंतर ४ मीटरांवर येते.

पुढे शेळ्या घेऊन निघालेले एक आजोबा दचकले, कारण मोटारीचा आवाजच येत नाही. “बाळा, घंटी तरी वाजीव की!” (माझे वय ५२ आहे.) परतताना १५ चाच वेग ठेवला आणि प्रत्येक वळणाआधी घंटी वाजवली. घरी पोहोचायला दहा-बारा मिनिटे जास्त लागली, पण दोन्ही बाजूंची ज्वारी मात्र नीट पाहता आली.