लेकरासोबत घरातलं एक माणूस : आमची वाटचाल

स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) लेकरांना बोलायला, मागायला, माणसांत मिसळायला शिकवणारं आमचं केंद्र आहे. तिथं लेकरू एकटं आत घेत नाही. आई, बाप, आजी, आत्या, कुणी का असेना, घरातलं एक माणूस सोबत चटईवर बसलं पाहिजे आणि त्याचा मोबाईल बाहेर राहिला पाहिजे. अंबाजोगाईत २०१५ साली काम सुरू केलं तेव्हापासून हा नियम आहे. धंद्याच्या हिशेबानं तो तोट्याचाच. पालकांना बाहेर बाकड्यावर बसवून एका वेळी तीन-तीन लेकरं आत घेतली असती, तर पावत्या जास्त फाटल्या असत्या. "मॅडम, फी आम्ही भरतो, मग शिकायचंबी आम्हीच का?" असं तोंडावर विचारणारे बाप आजही येतात. विचारणं रास्तच आहे. गाडी गॅरेजला लावल्यावर मालक काही खाली वाकून नट आवळत नाही.

उत्तर साधं आहे. लेकरू आमच्याकडं आठवड्यातून दोनदा येतं, पाऊण-पाऊण तास. दोन-तीन वर्षांच्या लेकराचे जागेपणीचे तास मोजले तर आठवड्याला ऐंशीच्या आसपास भरतात. त्यातला आमचा वाटा दीड तास. बाकी सगळं घर, अंगण, शेत आणि आजीची मांडी.

हे काही आमच्या डोक्यातून निघालेलं नाही. गोवा आणि पाकिस्तानातलं रावळपिंडी इथं स्वमग्न मुलांच्या ६५ कुटुंबांबरोबर एक अभ्यास झाला. २०१६ साली तो 'लॅन्सेट सायकियाट्री' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. तज्ज्ञ नसलेल्या, पण नीट तयार केलेल्या आरोग्य कार्यकर्त्या आई-बाप मुलाशी कसे खेळतात-बोलतात ते पाहायच्या आणि त्यातच त्यांना शिकवायच्या. आई-बापाचं मुलाच्या कलानं घेणं वाढलं, मुलं आपणहून संवाद सुरू करायला लागली. सगळ्याच बाजूंनी फरक पडला असं नाही, ते त्या अभ्यासातही स्पष्ट आहे. पण मोठी शहरं सोडून आपल्याकडं तज्ज्ञ किती, हे ज्याला माहीत आहे त्याला यातलं मोल कळेल.

मी वाचा व भाषा उपचार तज्ज्ञ. सासर अंबाजोगाईचं. नवऱ्याचं छपाईचं दुकान : लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, निवडणूक आली की पत्रकं. केंद्र दुकानाच्या वरच्या मजल्यावर काढलं, भाड्याचा प्रश्न तिथंच मिटला. गावात स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय असल्यानं केज, धारूर, परळीकडच्या लोकांना दवाखान्यासाठी अंबाजोगाईला यायची सवयच आहे. आम्ही त्याच वाटेवर पाटी लावली. पाटीवर 'बरं करतो' असं लिहिलेलं नाही. स्वमग्नतेवर 'बरं करायचं' औषध नाही. स्टेम सेलच्या, म्हणजे मूळ पेशी टोचायच्या उपचाराच्या नावानं लाखभर रुपये उकळणारे आहेत. तो उपचार स्वमग्नतेसाठी करू नये, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमत्ता मंडळानं २०२२ मध्ये सांगितलेलं आहे. तरी शेत गहाण टाकून आलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांना काय बोलावं ते मला अजून सुचत नाही.

लेकरं उशिरा येतात, हे आमचं पहिल्यापासूनचं रडगाणं. वर्षाचं लेकरू हाक मारली तर वळत नाही, दीड वर्षाचं झालं तरी चांदोबाकडं बोट करून आईला दाखवत नाही, एकही शब्द नाही, तेव्हाच दाखवायला हवं. पण घरात म्हणतात, "ह्याचा बापबी उशिराच बोलला." मग नवस, मग अंगारा, मग जिभेखालचा पडदा कापून आणणं. अंगाऱ्याशी माझं भांडण नाही. अंगारा लावा, पण तारीख चुकवू नका, एवढंच म्हणते. आधी कानाची तपासणी करून घ्यायला लावते, कारण ऐकू न येणारं लेकरूही हाकेला वळत नाही. सोळा ते तीस महिन्यांच्या लेकरांसाठी वीस प्रश्नांची एक चाळणी जगभर वापरतात, ती आम्ही भरून घेतो. निदान मात्र डॉक्टरांचं. त्यासाठी भारतातच तयार झालेली ४० मुद्द्यांची मोजपट्टी आहे, 'इसा' म्हणतात तिला.

खापर फोडायचं ते सुनेच्या डोक्यावर. पूर्वी म्हणायचे आईनं माया केली नाही, आता म्हणतात आईनं मोबाईल दिला. आईच्या थंडपणाचा तो जुना सिद्धांत शास्त्रानं कधीच मोडीत काढला. लसीमुळं होतं म्हणणारा १९९८ चा लेखही २०१० मध्ये मागे घेतला गेला. मोबाईल मी पण बंद करायला लावते. तो हातात असला की लेकराशी बोलणं-खेळणं उरत नाही, म्हणून. स्वमग्नता मेंदूच्या जडणघडणीतून येते आणि त्यात आनुवंशिकतेचा भाग मोठा आहे. हे मी त्या सुनेच्या सासूसमोर, मुद्दाम मोठ्यानं सांगते.

शिकवतो काय, तर थांबायला. धारूरकडच्या एक आजी नातवाला घेऊन यायच्या. नातू आजीचं मनगट धरून फडताळाकडं ओढायचा, तोंडाकडं बघायचा नाही. आणि आजी तरी काय, त्यानं मागायच्या आत वाटी हातात! आम्ही त्यांना पारदर्शक बरणी दिली, झाकण घट्ट, आत मुरमुरे. लेकराच्या समोर, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला बसायचं. चार मुरमुरे द्यायचे, झाकण लावायचं, "दे" एवढाच शब्द म्हणायचा आणि गप्प राहायचं, मनात दहा म्हणेपर्यंत. आजींना गप्प राहणं सगळ्यात जड गेलं. "घे की माझ्या राजा" तोंडातून निघूनच जायचं. बरेच आठवडे गेले. मग एकदा लेकरानं बरणी उचलून आजीच्या हातात ठेवली आणि वर पाहिलं. शब्द नाही, आवाज नाही. "आज मला बघितलं बगा ह्यानं," आजी म्हणाल्या आणि त्या दिवशी त्यांनी मला काही बोलूच दिलं नाही, नुसती आपलीच कौतुकं. पुढं तो मुलगा चित्रकार्ड देऊन मागायला लागला. बोलणं फार नाही आलं. काही लेकरांना येतं, काहींना कार्ड नाहीतर खुणाच कामी येतात. कार्डानं बोलणं अडत नाही, उलट मागता आलं की आदळआपट कमी होते.

कार्डांचा विभाग असाच उभा राहिला. विकतच्या संचात इग्लू, बर्गर, हातमोजे. आमच्या लेकरांना हवी भाकरी, पाणी, शी, एसटी, शेळी. नवऱ्यानं खालीच छापायला घेतली. फोटो शक्यतो त्या-त्या घरातलेच काढतो, कारण कुठल्याही तांब्याचा फोटो दाखवून भागत नाही. बऱ्याच लेकरांना आपला, पोचा आलेला तांब्याच ओळखू येतो. जाड लॅमिनेशन, कोपरे गोल, कडीत ओवलेली. आता लातूर-नांदेडकडूनही मागणी येते. खरं सांगायचं तर उन्हाळ्यात केंद्राचा पगार कार्डांवरच निघतो.

बीड जिल्ह्यात हा धंदा करायचा तर ऊसतोडीचं कॅलेंडर भिंतीवर लागतंच. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची गाडी येते आणि निम्मी घरं पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात, ती मार्च-एप्रिलला परततात. उचल घेतलेली असते, थांबा म्हणता येत नाही. लेकरू एक तर आजीपाशी राहतं, नाहीतर फडावर जातं. ज्या लेकराला ताटाची जागा बदललेली खपत नाही, त्याचं गाव, घर, झोपायची जागा एका रात्रीत बदलते. म्हणून पोळ्यापासूनच तयारी लावतो. ट्रॅक्टर, कोपी (तिथली राहायची खोपटी), चूल, उसाचा फड यांचे फोटो रोज क्रमानं दाखवायचे. अंथरूण जुनंच न्यायचं. ट्रॅक्टरच्या आवाजाला कान झाकणाऱ्यासाठी कान झाकणारी टोपी. वेगळा वेळ काढून 'थेरपी' करायला कोयत्यावरच्या आईला सवड कुठून मिळणार? पहाटे चूल पेटवताना लाकूड देणं-घेणं, वाढ्याची (उसाच्या हिरव्या शेंड्यांची) पेंडी आपण दोघांनी मिळून उचलणं, हातावर पाणी घालणं, त्यातच आळीपाळी, त्यातच एक-एक शब्द. रात्री रेंज असेल तर आई दोन मिनिटांचा व्हिडिओ पाठवते, आम्ही आवाजी निरोपानं उत्तर देतो. या घरांची फी पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर. बुडवणारे निघाले, नाही असं नाही. शहरातल्या नोकरदारांपेक्षा मात्र कमीच.

माणसं टिकत नाहीत, हे आमचं मोठं दुखणं. विशेष शिक्षणाची पदविका झालेली, पुनर्वसन परिषदेची नोंदणी असलेली मुलगी दोन वर्षांत तयार होते आणि पुण्याला जाते. तिथला पगार मी देऊ शकत नाही. आता गावातल्याच, लग्न होऊन इथं आलेल्या बायका घेतो. नोंदणीचं शिक्षण त्या आमच्याकडं राहून पुरं करतात.

कागदांचं काम नवऱ्याकडं. १९९५ च्या अपंग कायद्याच्या यादीत स्वमग्नता नव्हती, २०१६ च्या कायद्यात ती आली. अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) निघालं की 'निरामय' योजनेत वर्षाला एक लाखापर्यंतचं आरोग्य विमा संरक्षण मिळतं, थेरपीचा खर्चही त्यात बसतो. कितीतरी घरांना हे ठाऊक नसतं. लेकरांची तपासणी करणारी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं २०१३ पासून अंगणवाड्यांत येतात, तीही लोकांना लसीकरणाचीच वाटतात. ज्यांना परवडत नाही त्यांना आम्ही आधी जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राचा (लहान लेकरांची तपासणी-उपचार करणाऱ्या सरकारी केंद्राचा) पत्ता देतो, तिथं फी नाही. दुकानात लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्याशेजारी हे फॉर्म ठेवलेले असतात. फॉर्म भरून द्यायचे आम्ही पैसे घेत नाही. झेरॉक्सचे घेतो.