दोन रेघा

मानखुर्दचा सोळा वर्षांचा मुलगा, चोरीच्या केसमधला. बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 18 खाली बाल न्याय मंडळाने त्याला परिवीक्षेवर (प्रोबेशनवर) आईच्या ताब्यात दिलं होतं आणि सोबत व्यसनमुक्तीचा आदेशही होता: दर गुरुवारी अकरा वाजता आमच्या केंद्रात हजेरी. पाच आठवडे आला. सहाव्या गुरुवारी लघवीची तपासणी दिली आणि मी रजिस्टर उघडेपर्यंत गायब. पुढचे दोन गुरुवार कोरे गेले. फाइलवर शेरा पडला, ‘उपचारात रस नाही’. फार सोयीचा शेरा, पुढे काही विचारावं लागत नाही.

खटकत होतं ते एवढंच की त्याची तपासणी निगेटिव्ह होती.

परिवीक्षा अधिकारी मॅडम आणि मी हार्बरने मानखुर्दला गेलो. आई धुणीभांडी करते. अकराच्या वेळेपायी दर गुरुवारी तिची दोन घरं बुडत, एका बाईने तर कामावरून काढायची धमकी दिली होती. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, आम्हीही विचारलं नव्हतं. मुलगा भंगारच्या दुकानात सापडला.

“दोन लाइन आल्या ना सर. महिना झाला, गांजाला हात नाही लावला, तरी आल्या. आता परत आत टाकणार.”

कोविडच्या किटमध्ये दोन रेघा म्हणजे सापडलं. या पट्टीत उलटं असतं. ‘टी’च्या, म्हणजे टेस्टच्या रेघेच्या, जागी गांजातला घटक आधीच चिकटवलेला असतो आणि लघवीतला गांजा रंगीत प्रतिपिंडांसाठी (ते तिथे चिकटले तरच रेघ उमटते) त्याच्याशी झगडतो. लघवीत तो मिलिलिटरला 50 नॅनोग्रॅमच्या वर असला की ‘टी’ची रेघ उमटतच नाही. म्हणून एक रेघ म्हणजे पॉझिटिव्ह, दोन म्हणजे निगेटिव्ह. दुसरी फिकट असली तरी निगेटिव्हच. ‘सी’ची, म्हणजे पट्टी नीट चालते हे दाखवणारी, रेघ नसेल तर पट्टी बाद. (सोल्युशन हुंगणाऱ्यांना ही पट्टी पकडतच नाही, पण निगेटिव्ह बघून पालक खूश होतात.)

त्याची भीती खुळी नव्हती. रोज ओढणाऱ्याच्या लघवीत सोडल्यावरही काही आठवडे गांजा दिसू शकतो, हे तो वस्तीत ऐकून होता. मग विचारलं का नाही? ज्याला विचारायचं तोच मंडळाला अहवाल पाठवतो. त्याच्यासमोर पट्टीचा अर्थ विचारणं म्हणजे कबुली देणं, असा त्याचा हिशोब.

मंडळाला काय कळवतो नि काय नाही, ते त्याला तिथेच, भंगाराच्या काट्याशेजारी, कागदावर लिहून दिलं. वेळ संध्याकाळी सातची केली. आईला महिन्यातून एकदाच यायला सांगितलं. आता पट्टी वापरण्याआधी प्रत्येक मुलाला कोरी पट्टी हातात देऊन समजावतो. पहिल्या दिवशी दोन मिनिटं लागली असती.

पुढच्या गुरुवारी तो सव्वासातला आला. पट्टी स्वतःच धरून बसला, पाच मिनिटं. दुसरी रेघ जेमतेम दिसत होती.

“फिकट चालते ना?”

“चालते.”