तुम्ही विचारलंत म्हणून: दगड ओढले कोणी?

इंग्लंडमधल्या स्टोनहेंजवर, त्या प्राचीन दगडी वर्तुळावर, बोलून झालं की हात वर होतोच. ‘सर, चाक नाही, लोखंड नाही, मग एवढाले दगड आणले कसे?’ मागून कुणीतरी परग्रहवासी सुचवतं, सगळे हसतात. मग चहाच्या वेळी एकजण हळूच येऊन विचारतो, ‘पण सर, माणसांनी? खरंच?’

हो, माणसांनी. वेल्समधल्या प्रेसेली डोंगरातून सॉल्जबरीच्या माळावर, सुमारे सव्वादोनशे किलोमीटर. एकेक निळा दगड दोन ते पाच टनांचा. पूर्वी हेच सर ‘हिमनदीने वाहून आणले’ असं शिकवायचे, हे जुने विद्यार्थी काढतातच. शिकवायचो, पंधरा वर्षं. मत खुळचट नाही, आजही त्याची बाजू मांडणारे अभ्यासक आहेत. पण मी ते पुराव्यासाठी धरलं नव्हतं. मला त्या चित्रात माणसं नको होती.

आमच्या घरी दगडाचंच काम. मी नववीत होतो. देवळाच्या उंबऱ्याचा दगड खाणीतून न्यायचा होता. बाभळीचे पाच ओंडके, दोन दोर, नऊ माणसं. दगड सरकला की मागे सुटलेला ओंडका उचलून पुढे घालायचा, हे काम माझं. वडील मागून पहार लावून रेटायचे आणि ओरडायचे, ‘घाल!’ ओढ्याच्या उतारावर माझ्या वर्गातली दोन पोरं सायकलवरून आली. ओळखतील म्हणून मी ओंडका हातात घेऊन तोंड फिरवलं. ‘घाल!’ दुसऱ्यांदा ऐकू आलं तोवर दगडाचं नाक मातीत रुतलं होतं. तो आडवा फिरला. पहार आणि दगडाच्या मध्ये वडिलांचा डावा हात. दोन बोटं गेली. गावाला त्यांनी सांगितलं, ओंडका कुजका होता.

२०१९ साली प्रेसेलीतल्या कार्न गोएडॉगच्या खाणीवरचा लेख वाचला; स्टोनहेंजचे काही निळे दगड तिथलेच. तिथे मडस्टोनच्या, म्हणजे चिखल घट्ट होऊन बनलेल्या मऊ दगडाच्या, पाचरी मिळाल्या. निळा दगड म्हणजे टणक डोलेराइट; त्याचे खांब सोडवायला मऊ पाचर का, हे मला कुणी समजावावं लागलं नाही. कडक पाचरीने खांबच तडकला असता. वडीलही लाकडी पाचर ठोकून तिला पाणी पाजायचे.

‘पाचर मिळाली म्हणजे ओढल्याचं सिद्ध होतं का?’ जुना मी लगेच विचारतो. नाही होत. २०१६ साली लंडनमध्ये दहा जणांनी टनभर दगड लाकडी घसरगाडीवरून ओढून दाखवला, पण तो हिरवळीवर. २००० साली प्रेसेलीपासूनचा प्रवास पुन्हा करू निघालेल्यांचा दगड वेल्सच्या किनाऱ्याजवळ समुद्रात बुडाला. आणि २०२४ मध्ये स्टोनहेंजमधलाच सहा टनांचा दगड, ऑल्टर स्टोन, थेट ईशान्य स्कॉटलंडचा निघाला. किमान साडेसातशे किलोमीटर! जमिनीवरून की समुद्रातून, यावर आमचं दोघांचं भांडण चालूच आहे.

मात्र ओंडक्यांवरून दगड गडगडत चाललाय, ही पुस्तकातली चित्रं मला पटत नाहीत. उतारावर ओंडका वेळेवर पडत नाही. आणि ओंडके उचलून पुढे घालणारं पोर त्या चित्रांत कुठेच नसतं.