साठ मिलिसेकंद

आज सापडला एकदाचा. तीन आठवडे सॉफ्टवेअरमधल्या या बगने झोप उडवली होती. व्हायचं काय, तर आमची गाडी समोरचं बघून आपोआप ब्रेक मारते, पण टेस्ट ट्रॅकवर समोर उभी असलेली गाडी तिच्या कॅमेऱ्याला बरोबर जागी दिसायची पण रडारला सव्वा मीटर लांब, तेही मधूनच, दहा-पंधरा मिनिटं सगळं नीट आणि मग अचानक एका गाडीच्या जागी दोन. सगळे म्हणाले कॅलिब्रेशन, म्हणजे सेन्सरची जुळणी, चुकली असेल. दोनदा केलं, काही फरक नाही.

मग काल रात्री लॉग, म्हणजे टेस्टच्या नोंदी, चाळताना लक्षात आलं की वेग कमी असला की चूकपण कमी होते. ताशी ७२ किलोमीटरला १.२ मीटर, ३६ला साधारण निम्मी. म्हणजे घोळ जागेचा नाहीच, वेळेचा आहे! ताशी ७२ म्हणजे सेकंदाला २० मीटर, त्यात १.२ मीटर म्हणजे ६० मिलिसेकंद.

तिथून पुढे सोपं होतं. आमच्या रडारचा डेटा साध्या कॅन बसवरून (गाडीतले भाग जिच्यावरून एकमेकांशी बोलतात ती वायर) येतो, एका फ्रेममध्ये, म्हणजे एका निरोपात, फक्त ८ बाइट, त्यात अंतर, वेग, कोन भरला की वेळ पाठवायला जागाच उरत नाही, म्हणून टाइमस्टॅम्प, म्हणजे वेळेचा शिक्का, आपल्या बाजूला लावायचा. आणि तो आम्ही लावत होतो फ्रेम रांगेतून (क्यूमधून) वाचताना, आली तेव्हा नाही. एरवी दोन मिलिसेकंदांचा फरक, कोणाला कळणार? पण लॉगिंगच्या, म्हणजे नोंदी लिहिणाऱ्या, टास्कची प्रायॉरिटी कधीतरी कोणीतरी वाढवून ठेवलेली, ते डिस्कवर लिहायला बसलं की आमचं वाचन मागे पडायचं आणि जुन्या मापावर नवी वेळ लागायची.

मला खरी भीती वाटली ती दिशेची. चूक उलटी असती तर गाडीने लवकर ब्रेक मारला असता, इथे तर समोरची वस्तू आहे त्यापेक्षा लांब वाटत होती. आणि आमच्या रिपोर्टमध्ये सरासरी लेटन्सी, म्हणजे डेटाला होणारा उशीर, हिरवीगार. मी स्वतः तो आकडा कित्येकदा बघून पुढे गेलेय, याचं आज फार वाईट वाटलं. उद्यापासून रिपोर्टमध्ये जास्तीत जास्त उशीर किती झाला ते पहिल्या ओळीत येणार, मी भांडून घेतलंय ते.

टाइमस्टॅम्प आता थेट इंटरप्टमध्ये, म्हणजे फ्रेम आल्या आल्या, लागतो. लॉगिंगवर मुद्दाम लोड टाकून बेंचवर (लॅबमधल्या टेस्ट सेटअपवर) रात्रभर चालू ठेवून आलेय, सकाळी आधी तेच बघणार.