मावशी, तो जोकर बोलत का नाही गं?

मागच्या रविवारी भाच्याला घेऊन बांद्रा रेक्लमेशनला सर्कस बघायला गेले. भाचा निमित्ताला, जायचं मलाच होतं. आता वाघ-सिंह काही नाहीत, १९९८ ला सरकारने बंदी आणल्यापासून ते गेलेच, त्यामुळे दोन आयटमच्या मधली सगळी जागा भरायची जबाबदारी बिचाऱ्या जोकरवर.

तर ट्रॅपीझची, म्हणजे उंच झोक्यांच्या खेळाची, जाळी बांधायला चार कामगार आत आले आणि त्यांच्या मागोमाग हा. एकाने दोरी ओढायला घेतली की हा दुसरं टोक धरून उलट्या दिशेला ओढणार, वर कपाळाचा घाम पुसून आमच्याकडे बघणार, झालं बुवा काम! भाचा हसून हसून खुर्चीतून घसरला आणि मग एकदम सीरियस होऊन विचारतो, "मावशी, तो बोलत का नाही गं?"

मी म्हटलं अरे एवढे स्पीकर ठणाणा करतायत, बोलून ऐकू तरी येईल का. पण प्रश्न डोक्यात राहिला. घरी जाताना लोकलमध्ये खिडकी मिळाली (रविवार!) आणि मी मोबाईलवर शोधत बसले ती स्टेशन चुकेपर्यंत.

आणि गंमत म्हणजे जोकर आधी बोलायचा, भरपूर बोलायचा. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत डॅन राइस नावाचा जोकर होता, एकच रिंग, प्रेक्षक जवळ, आणि हा गाणी म्हणतोय, शेक्सपिअरची टर उडवतोय, पुढाऱ्यांना चिमटे काढतोय. म्हणजे आपला तमाशातला सोंगाड्याच की! गवळणीतला पेंद्या आणि ती मावशी, त्यांची अर्धी कमाई तोंडावरच असते. मग १८८१ ला बार्नम नावाच्या अमेरिकन सर्कसवाल्यांनी एका तंबूत तीन रिंग लावल्या. तीन ठिकाणी एकदम खेळ, हजारो माणसं, आणि माईकचा तर पत्ताच नव्हता. कोण ऐकणार विनोद? मग बोलणं कमी होत गेलं, नाक-तोंड-बूट मोठे मोठे होत गेले, लांबच्या बाकड्यावरून दिसायला नको का.

युरोपात एकच रिंग राहिली त्यामुळे तिथे संवाद टिकले. पॅरिसमध्ये फुटिट आणि शोकोला ही जोडी तुफान चालायची. फुटिट पांढऱ्या तोंडाचा, ऐटबाज, साहेबी थाट, आणि शोकोला कायम त्याचा मार खाणारा. हा शोकोला म्हणजे राफाएल, क्यूबात गुलामीत जन्मलेला काळा माणूस, आणि गोऱ्याच्या हातची थप्पड खाऊन त्याने पॅरिसला वर्षानुवर्षं हसवलं. मला वाचताना हसू नाही आलं. १९१७ ला गेला. आणि तो स्विस ग्रॉक! स्टूल पियानोपासून लांब आहे म्हणून घाम गाळत अख्खा पियानो स्टुलाकडे ढकलणारा. असला एक नमुना प्रत्येकाच्या ऑफिसात असतो.

पण मला चटका लावला मार्सेलिनने. स्पॅनिश माणूस, हा पहिल्यापासूनच मुका जोकर. १९०५ ला न्यू यॉर्कला हिप्पोड्रोम नावाचं अजस्र थिएटर उघडलं, पाच हजारांवर सीट, म्हणजे आपल्या मुंबईच्या षण्मुखानंद हॉलच्या जवळपास दुप्पट, तिथला हा स्टार. आणि त्याचा आयटम काय? लुडबुड! कामगार गालिचा गुंडाळायला आले की हा मदतीला धावणार आणि प्रत्येक कामाचा विचका करणार. रेक्लमेशनला मी जे बघितलं ना, अगदी तेच हो, शंभर वर्षं होऊन गेली तरी. आमच्या चाळीत पूजा झाली की सतरंजी गुंडाळताना एक काका हमखास असे यायचे, फरक एवढाच की ते मनापासून मदत करायचे.

चॅप्लिनने लहानपणी, १९०० च्या सुमाराला, लंडनला मार्सेलिनबरोबर स्टेजवर काम केलं होतं, मांजर झाला होता तो. पुढे स्वतः जगप्रसिद्ध झाल्यावर त्याने मार्सेलिनला परत बघितलं ते अमेरिकेतल्या मोठ्या सर्कशीत, रिंगभोवती धावणाऱ्या जोकरांच्या घोळक्यात. घोळक्यातला एक, बस्स. म्हणजे न बोलण्याने त्याचं काही अडलं नव्हतं, पाच हजार लोक बघत होते ना एकट्याला. तीन रिंगमध्ये आणि डझनावारी जोकरांमध्ये कोण कोणाकडे बघणार. नोव्हेंबर १९२७ मध्ये न्यू यॉर्कच्या एका हॉटेलच्या खोलीत त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली. स्लिव्हर्स ओकली म्हणून आणखी एक होता, एकटाच अख्खी बेसबॉल मॅच खेळून दाखवायचा, पिचर तोच, बॅटर तोच, अंपायरशी भांडणाराही तोच, गल्ली क्रिकेटमध्ये बॅट ज्याची त्याचं कसं असतं तसं. त्यानेही १९१६ ला जीव दिला. त्यानंतर मी फोन बंद केला.

आपल्याकडचं सांगायचं तर १८८० ला विष्णुपंत छत्र्यांनी पहिली भारतीय सर्कस काढली, तीही मुंबईत आलेल्या इटालियन चियारिनीची सर्कस बघून. विष्णुपंत घोडेस्वारीतले, त्यामुळे त्यांच्याबद्दल जिथे तिथे घोडेच घोडे, जोकर कोण होता ते मला कुठे सापडलं नाही. राग आला थोडा.

बाय द वे, रेक्लमेशनचा तो जोकर शेवटी ट्रॅपीझवरही चढला. चड्डी घसरते, हात सुटतो, जाळीत धपकन पडतो, आणि पडताना बघितलं तर पाठ नेमकी जाळीच्या मधोमध. बाकीचे पोहोचतात, त्याला पोहोचता पोहोचता चुकायचं असतं, ते जास्त कठीण असणार.

काल बहिणीकडे गेले होते. ती चादर घडी करत होती, भाच्याने दुसरं टोक धरलं, उलट्या बाजूला ओढलं आणि कपाळाचा घाम पुसून माझ्याकडे बघितलं. एक अक्षर बोलला नाही. बहिणीने मात्र पाठीत धपाटा घातला.