मांडणीवरचं आणि फडताळातलं

मराठीत ‘मांडणी’ या एका शब्दात दोन गोष्टी सुखाने नांदतात. भांडी ठेवायच्या उघड्या फळ्या म्हणजे मांडणी, आणि त्या फळ्यांवर ती ज्या रीतीने लावायची तीही मांडणीच. फडताळाचं तसं नाही. त्याला दारं असतात, आणि दार आलं की लपवालपवी आली. आतल्या वाट्या कशाही कोंबल्या तरी बाहेरून सगळं शिस्तीत दिसतं. मांडणीला ही सोय नाही, म्हणून तिच्यावर काय ठेवायचं हे जरा विचार करूनच ठरवावं लागतं.

उघड्या फळ्यांवर धूळ बसते, ही नेहमीची तक्रार. पण नुसत्या धुळीचं काही एवढं नाही, कोरड्या फडक्याने ती जाते. खरी पंचाईत तेलाची. कढई तापली की तेलाचे अतिबारीक थेंब वाफेबरोबर वर चढतात आणि मिळेल त्या थंड पृष्ठभागावर बसतात. त्यावर धूळ चिकटते. पहिले काही दिवस हा थर ओला असतो, साबणाच्या पाण्याने निघतो. पुढे हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होत होत तो व्हार्निशसारखा घट्ट होतो आणि साध्या घासणीला दाद देत नाही. खात्री करायची तर वरच्या फळीच्या टोकाला दोन महिने नुसताच उभा असलेला कप उचलून काठावरून बोट फिरवावं. बोट सरकत नाही, अडखळतं. त्याच फळीवरचा, त्याच संचातला, रोज वापरातला कप मात्र लख्ख असतो. तो रोज धुतला जातो, एवढाच काय तो फरक.

म्हणून आठवड्यातून एकदा तरी जे धुतलं जातं तेवढंच मांडणीवर ठेवावं, बाकीचं दाराआड. लोक नेमकं उलट करतात. सोनेरी काठाच्या, वर्षातून एकदा निघणाऱ्या बशा दिसाव्यात म्हणून उघड्यावर लावतात आणि रोजच्या ताटल्या कपाटात दडवतात. मग त्या सोनेरी काठावर थर चढतो, तो काढायला कोणीतरी तारेची घासणी घेतं, आणि थराबरोबर सोनंही जातं. असा जुना थर काढायचा तर भांडं गरम पाण्यात भांड्यांचा साबण घालून १५-२० मिनिटं बुडवून ठेवावं. एवढ्याने भागलं नाही तर खायच्या सोड्याची ओली पेस्ट मऊ फडक्यावर घेऊन हलक्या हाताने चोळावी. सोनेरी-रुपेरी रेघेवर सोडाही नको, तिथे साबणाचं पाणी आणि धीर. शेगडीच्या डोक्यावर तर फळी नकोच. बाजूलाही शक्य तेवढं अंतर सोडावं, ६० सेंटीमीटरच्या आत तर मुळीच येऊ नये.

वजनाचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. २६-२७ सेंटीमीटर व्यासाची जाड स्टोनवेअरची, म्हणजे कडक भाजलेल्या मातीची, एक ताटली पाऊण किलोच्या आसपास भरते. आठ ताटल्यांची चळत झाली सहा किलोची. ९० सेंटीमीटर लांबीच्या फळीवर अशा तीन चळती सहज बसतात, मधल्या फटींत चार मग सरकवले जातात, आणि बोलता बोलता २० किलो होतात. १८ मिलीमीटरच्या पार्टिकल बोर्डाला, म्हणजे लाकडाचा चुरा दाबून केलेल्या फळीला, एवढ्या लांबीवर हे झेपत नाही. पहिल्या दिवशी काही दिसत नाही. बोर्ड हळूहळू दबत जातो, सहा महिन्यांनी मध्ये पोट सुटतं, आणि भांडी उतरवली तरी ते पूर्ण आत जात नाही. हिशेब मोठा निर्दयी आहे. सारख्याच दाटीने भरलेली फळी ६० ऐवजी ९० सेंटीमीटरची केली तर बाक जवळजवळ पाचपट होतो. जाडी १८ ची २५ मिलीमीटर केली तर कडकपणा अडीच पटीहून जास्त वाढतो. म्हणजे लांबीचा मोह आवरावा, नाहीतर मध्ये एक आधार द्यावा. तेही जमत नसेल तर पुढच्या काठाखाली ४० मिलीमीटर उंचीची लाकडी पट्टी उभी चिकटवून स्क्रूने आवळावी. पट्टी दिसायला किरकोळ, काम मात्र पहिलवानाचं.

फळी टिकली तरी भिंत दगा देऊ शकते. ब्रॅकेटवर, म्हणजे फळी पेलणाऱ्या काटकोनी आधारावर, वजन पडलं की त्याचं खालचं टोक भिंतीवर दाबलं जातं आणि वरचा स्क्रू बाहेर ओढला जातो. ब्रॅकेटची उभी बाजू जितकी आखूड, तितकी ही ओढ जास्त. उभी बाजू निम्मी झाली की वरच्या स्क्रूवरची ओढ दुप्पट. ब्रॅकेट न दिसणाऱ्या, भिंतीतून उगवल्यासारख्या भासणाऱ्या फळ्या फोटोत फार सुरेख दिसतात. त्यांची उभी पकड फळीच्या जाडीएवढीच असते, म्हणून त्यांच्यावर चार कप आणि एखादी फुलदाणी, बस. प्लास्टरच्या भरवशावर तर राहूच नये. १५-२० मिलीमीटर प्लास्टर सोडून पुढे विटेत किमान ४० मिलीमीटर स्क्रू आणि त्याचा प्लग, म्हणजे छिद्रात स्क्रूला धरून ठेवणारी नळी, गेला पाहिजे. छिद्र पाडताना शेवटपर्यंत नुसती पांढरी-राखाडी भुकटीच येत राहिली आणि विटेचा लाल रंग दिसलाच नाही, तर भिंत कशाची आहे हे आधी शोधावं, फळी नंतर. पोकळ भिंतीला वेगळे प्लग लागतात.

भांड्याला भांडं लागतंच, असं आपण संसाराबद्दल म्हणतो. ताटल्यांच्या बाबतीत ते शब्दशः खरं आहे आणि त्याचं कारण बुडाशी आहे. एखादी ताटली उपडी करून पाहा. वर सगळीकडे काचेसारखी झिलई, पण ज्या गोल कडेवर ती टेकते ती बहुधा कोरी असते, कारण तिथे झिलई असती तर भट्टीत ताटली खालच्या फळीला चिकटली असती. त्या कोऱ्या कडेवर नखाने घासलं तर पॉलिशपेपरसारखा खरखरीत आवाज येतो. चळतीतली वरची ताटली ओढून काढली की ही कडा खालच्या ताटलीच्या झिलईवरून घासत जाते. ताटल्यांच्या मध्यावर दिसणारे गोलसर ओरखडे पुष्कळदा सुरीचे नसतात, या सरकवण्याचे असतात. उपाय सोपा आहे. ताटली ओढायची नाही, दोन हातांनी उचलायची. एका चळतीत आठ-दहाच ठेवायच्या, म्हणजे उचलायचा कंटाळा येत नाही. नक्षीच्या ताटल्यांमध्ये फेल्टची किंवा जाड कागदाची चकती घालावी. वर्तमानपत्र नको, ओल लागली की शाई उतरते. ही कोरी कडा पाणीही धरून ठेवते. पुसलेली ताटली वरून कोरडी वाटते, पण घाईने रचलेल्या चळतीखाली दुसऱ्या दिवशी फळीवर ओलं वर्तुळ दिसतं. दाराआड वारा नसतो, म्हणून हीच ओल फडताळात कुबट वास आणते आणि पार्टिकल बोर्डाची कापलेली कड फुगवते.

ताटल्या उभ्या लावायच्या तर फळीत मागच्या भिंतीपासून साधारण ५ सेंटीमीटरवर एक खाच हवी, १० मिलीमीटर रुंद आणि ५-६ मिलीमीटर खोल. खाच पाडता येत नसेल तर तेवढ्याच अंतरावर बारीक पट्टी ठोकली तरी चालतं. ताटलीचा खालचा काठ त्यात अडकतो, वरचा भिंतीला टेकतो. फार सरळ उभी राहिली तर दार आपटल्यावर पुढे येते, फार कललेली असेल तर बूड घसरतं.

पेले उपडे ठेवावेत की सुलटे, यावर एकमत होणं कठीण. उपडे ठेवले की धूळ जात नाही, पण आतली हवा कोंडून वास येतो, आणि पातळ काचेच्या पेल्याचा काठ म्हणजे त्याची सर्वांत नाजूक जागा, सगळा भार तिच्यावर पडतो. रोजचे जाड पेले खुशाल उपडे ठेवावेत. पातळ काठाचे दाराआड, सुलटे. एकात एक मात्र घालू नयेत. घातलेच आणि अडकले, तर आतल्या पेल्यात गार पाणी ओतून बाहेरचा कोमट पाण्यात धरावा. आतला आक्रसतो, बाहेरचा किंचित फुगतो, आणि हलकं फिरवलं की सुटतात. इथे उकळतं पाणी घेतलं तर दोन पेल्यांचे बरेच तुकडे होतात. कपांचंही तसंच, कपात कप रचले की पहिला टवका काठाचा किंवा कानाचा उडतो. फळीखाली हुक लावून कप कानाने टांगता येतात, पण दोन कपांत दोन बोटं जातील एवढी जागा हवी, नाहीतर एक काढताना शेजारचा किणकिणतो.

तयार फडताळात आतल्या बाजूला ५ मिलीमीटरच्या छिद्रांची उभी रांग असते, बहुतेक ठिकाणी ३२ मिलीमीटरच्या अंतराने. फळी वर-खाली करण्यासाठीच ती केलेली असते, पण बसवणाऱ्याने ज्या छिद्रात खुंट्या ठोकल्या तिथेच फळी आयुष्यभर राहते. खाली १० सेंटीमीटर उंचीचे कप, वर २५ सेंटीमीटर नुसती हवा. मग जागा पुरत नाही म्हणून ताटल्यांवर वाट्या आणि वाट्यांवर झाकणं अशी उतरंड लागते, आणि सर्वांत खालची ताटली वापरातून बाद होते, कारण तिच्यासाठी वरचं सगळं उतरवायला कोणाला वेळ आहे? सर्वांत उंच भांडं मोजावं, हात घालायला वर ५ सेंटीमीटर धरावेत आणि चार खुंट्या काढून योग्य छिद्रांत बसवाव्यात. दहा मिनिटांचं काम आहे. फळी परत ठेवण्याआधी चारही खुंट्या एकाच पातळीवर आहेत का ते छिद्रं मोजून बघावं. एक खुंटी एका छिद्राने चुकली तरी फळी डुगडुगते, आणि ते बहुधा सगळी भांडी लावून झाल्यावरच लक्षात येतं.